विहिणीच्या गाण्याला जवाब

तलमडुगु,
ता. ८ जानेवारी २०२५

चि. मयूरीस मथुराआत्याचे अ. आ. वि. वि. फोनवर तू मधातच तोडतेस, म्हनून कागद लिहून राह्यली.

तू धाडलेले नवे गानारे समदे ऐकले. शी! एकाले गळा नाई. गिटार कुरवाळत नाकात कण्हतात, जसं तापातून उठवून बसवलं. सोताच लिहितात म्हनतेस, मंग त्याहिले कोनी अडवलं काऊन नाई?

तुहा लाडका हर्षदीप तर मागं कापूस वेचताना आमच्या वावरात आलता. चहा पेला अन् माह्याकडून विहिणीचं गानं फोनात भरून नेलं. ‘विहीणबाई आली वो जेवाया, पातेल्यासकट बसली गिळाया.’ आता गान्याखाली तो लिहिते, शब्द-चाल हर्षदीप! अन् गाते कसा, घरात मयत झाल्यावानी. मले ओकारी आली.

हे गानं नवरदेवाच्या मायले चिडवाचं, तेबी अक्षता पडल्यावर. आधी म्हनलं तर सोयरीक मोडते. तुह्या होनाऱ्या सासूच्या, रेणुकाबाईच्या कानी पडू देऊ नको बाई.

तुही आत्या
मथुरा

हैदराबाद,
ता. १६ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आज मिळालं, पण उशीर झाला. संक्रांतीला पंकजच्या घरी, भैंसा गावाला गेले होते. जेवताना मीच हर्षदीपची गाणी लावली. लहानपणापासून होस्टेलात वाढले, मला विहिणीचं गाणं काय माहीत? चाल इतकी हळवी की शब्दांकडे लक्षच गेलं नाही. रेणुकाबाई भरल्या ताटावरून उठल्या. पंकज सांगतो, लग्नाची तारीख काढायला आई आता तयार नाही.

मला त्या गिटारवाल्याची किळस आली आहे, अन् माझी स्वतःचीही. आत्या, मला पंकजच पाहिजे. काहीतरी कर गं.

तुझी,
मयूरी

तलमडुगु,
ता. २२ जानेवारी २०२५

चि. मयूरीस अ. आ. वि. वि. डोळे पूस. काल भैंशाले जाऊन आली.

रेणुकाबाईनं पानी देल्लं, पन तोंड वाकडंच. विहिणीच्या गान्याले समोरून जवाब भेटला की अपमान फिटते, हे आपल्या बायाहिले ठाऊक. म्या तिथंच बसून तेच गानं ठसक्यात म्हनलं. मंग ती अशी कडाडली! माह्या नाकावर, दातावर, सात पिढ्यांवर असं घान घान बोलली की लिहाची लाज वाटते. मले हसू आवरेना.

शिवीचा राग नव्हताच म्हने. तो मेला गिटारवाला रडून राह्यलता, त्याले जवाब द्याचा कसा, ह्याची तिले किळस आलती. तारीख काढते म्हनली.

पन एक अट घातली. हे वारले तवापासून मले कोनी मांडवात गाऊ देत नाई. मी मागं भांडे घासते, गानं वावरात म्हनते. रेणुकाबाई म्हनली, लग्नाच्या मांडवात मथुराबाई समोर उभी राहून शिव्या देईन तवाच मी घास उचलीन. म्या सांगितलं, मी बिनकुंकवाची बाई हाओ. तिनं त्यावरबी अशी एक शिवी हासडली, पोरी, की मी तिच्या गळ्यात पडून रडली.

आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुही,
मथुराआत्या