उजवीकडून वाचायचं गणित

सर, आज दुपारी आमच्या स्वयंपाकघरात तुमची आठवण निघायला हवी होती आणि मी ती निघू दिली नाही. नात टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती, मी मेथी निवडत होते. तिचा कोडिंगचा क्लास नुकताच सुरू झालाय. एकदम वैतागून म्हणाली, "आजी, हे बघ ना, A = A + 1 लिहिलंय. दोन्हीकडचा A काढला तर शून्य बरोबर एक! काहीतरीच काय?" मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. हेच, आणि अगदी ह्याच तोऱ्यात, मी तुम्हाला म्हणाले होते. छावणीतल्या आपल्या शाळेत नवा संगणक आला होता, मी तुमची जुनी विद्यार्थिनी आणि नवी शिक्षिका. बीएस्सी झाल्याचं तेव्हा माझ्या फार डोक्यात गेलेलं होतं.

तुम्ही हसलात. निजामाच्या काळात तुमची शाळा उर्दूत झालेली. पोलीस अ‍ॅक्शननंतर तुम्ही मराठीत गणित शिकवायला लागलात, तरी फळ्याकडे तोंड केलं की गुणाकाराला हळूच 'जरब' म्हणायचात आणि आम्ही मागं खुदखुदायचो. "पोरी," तुम्ही म्हणालात, "तू हे डावीकडनं वाचायलीस. हे उजवीकडनं वाच, उर्दूवानी. आधी उजवीकडचा हिशेब करायचा, मग जे आलं ते डावीकडं ठिवायचं. हे 'बराबर' नाय, हे 'रखो' हाय." झालं. पुस्तकाची चार पानं वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एवढ्यात शिरलं.

मग तुम्ही मुलांनाही तसंच शिकवलंत. संगणक एकच, तोही टीव्हीला जोडलेला, म्हणून निम्मा वर्ग अंगणात. एकाच्या हातात A ची पाटी, दुसऱ्याच्या हातात B ची. तुम्ही 'लेट A = B' म्हणालात की A वाल्यानं आपला आकडा पुसून B चा उतरवायचा. पाट्यांची अदलाबदल करायची तर काय, असं विचारून तुम्ही मलाच A ची पाटी दिलीत. मी ऐटीत पुसली, B चा आकडा लिहिला, मग B नं माझा उतरवला. दोन्ही पाट्यांवर एकच आकडा! पोरं हसून लोळायला लागली. "पुसायच्या आधी जुनं कुठं ठिवलंस?" तुम्ही विचारलंत. तिसरी पाटी लागते, हे मी त्या दिवशी शिकले. 'इंट' ही आज्ञा म्हणजे न्हावी, दशांश चिन्हापुढचं सगळं भादरून टाकतो, हेही तुमचंच. आणि प्रोग्रॅमच्या ओळींना एक, दोन, तीन न देता दहा, वीस, तीस असे आकडे का द्यायचे, तर "मधी पाहुणा आला तर त्याला बसाया जागा नको व्हय?"

थंडीच्या दिवसांत एका पालकाची तक्रार आली. हे मास्तर मुलांना गणित उलटं वाचायला लावतात, उर्दूची सवय अजून जात नाही म्हणे. मुख्याध्यापकांनी आपल्या दोघांना बोलावलं. तुम्ही उभे, मी उभी. त्यांनी तुम्हाला काहीच विचारलं नाही, मला विचारलं, "बाई, हे असं वाचतात का?" तुमच्याकडे न बघता मी म्हणाले, "पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, सर."

यात खोटं काही नव्हतं. पुस्तकात खरंच नव्हतं. एवढ्यावर मी कितीतरी वर्षं काढली. पण खरं सांगू, मला संगणकाच्या खोलीची किल्ली हवी होती. तुम्ही निवृत्त होईपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. तुम्हाला ते कळलंच असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "मी सांगणारच होतो, किल्ली पोरीकडं द्या. माझ्यानं आता डोळे फोडून त्या टीव्हीकडं बघवत नाय." तुमचे डोळे चांगले होते. सुई ओवायला शाळेतल्या बायका तुमच्याकडे यायच्या. पुढच्या सोमवारी तुम्ही कन्नड तालुक्यातल्या तुमच्या शेतावरचा हुरडा आणलात, सगळ्यांना वाटलात आणि माझी पुडी मुद्दाम मोठी बांधलीत. मी ती घरी नेली आणि उघडलीच नाही. तुम्ही मला एकदा तरी रागवायला हवं होतंत.

तुम्ही मात्र पुन्हा त्या खोलीत आला नाहीत. तास चालू असताना व्हरांड्यातून जायचात, दाराशी पावलं हळू व्हायची. "या ना, सर," एवढं म्हणायचं होतं. मी फळ्याकडे वळायचे. पुढं तुम्ही गेलात तेव्हा मी मातीला आले होते, मागं उभी होते, लवकर निघाले.

आणि शिकवलं काय मी, सर? तुमचंच. उजवीकडून वाचा. पाट्या, न्हावी, पाहुणा, सगळं. माझ्याविरुद्ध कुणी तक्रार केली नाही. जुनी मुलं आजही भेटली की म्हणतात, "मॅडम, तुमची ती उजवीकडून वाचायची युक्ती!" आणि मी हसून घेते.

आज नातीलाही तेच सांगितलं. तिला पटकन उमगलं, डोळे मोठे करून म्हणाली, "आजी, भारीच! तुला हे कुणी शिकवलं?"

"पुस्तकात होतं," मी म्हणाले.

रात्र झाली तरी ती अजून पलीकडच्या खोलीत जागी आहे, टाइप केल्याचा आवाज येतोय. तिला हाक मारून तुमच्याबद्दल सांगणं सोपं होतं. ते सोडून मी तुम्हाला पत्र लिहीत बसले.