काहून रे?

कांचघर, जबलपूर

आईला सुशांतचा नमस्कार,

मी बरा आहे. मुरलीधर काकांकडे उतरलो. मी बोलून राहिलो, त्यांची प्रणोती लिहून राहिली. तू गुडघ्याला तेल लावते ना?

कालचा माझा विनोदाचा कार्यक्रम छान झाला. बाबा गेल्यावरचा पहिलाच. ते समोरून "काहून रे?" म्हणायचे, मग मला आंधळ्याला कळायचं, लोक कुठल्या बाजूला बसलेत. काल सवयीनं त्याचीच वाट पाहत मी गप्प उभा राहिलो. काका घाबरले. पडद्यामागून त्यांनी विचारलं, "काहून रे?" आवाज अगदी बाबांचा. लोकांकडे पाठ करून मी माईकवरच बोलून गेलो, "बाबा, तुम्ही आले?"

माझ्या कार्यक्रमात लोक इतके कधीच हसले नव्हते, आई.

तुझाच,
सुशांत