बिस्किटाच्या डब्यातली माझी चिठ्ठी

गुरुवार, नोव्हेंबर १९९७
रास अल खोर, दुबई

आज गोडाऊनमध्ये कंपनीच्या फुटबॉल टीमची मीटिंग झाली. विषय एकच, कॅप्टन संभाला ठेवायचं की काढायचं. अर्धे म्हणाले, त्याच्याशिवाय बॉल पुढं जात नाही. अर्धे म्हणाले, त्याच्यापाशीच अडतो. आवाज चढले तसा मॅनेजर म्हणाला, "खलास. सब चिठ्ठी डालो." चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात गेल्या.

मी लिहिलं, 'काढा'. त्याचा गुडघा गेलाय, हे खरंच आहे. पण तेवढ्यासाठीच लिहिलं का? की तीन मॅच झाल्या, त्यानं मला पास दिला नाही म्हणून? त्याचा व्हिसाच या खेळावर आहे. टीममधून गेला की व्हिसा कॅन्सल.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. सवयीनं मी मराठीत लिहिलंय. बाकी सगळे केरळचे, नाहीतर पाकिस्तानचे. मराठी लिहिणारे मी आणि संभा, आम्ही दोघंच, दोघंही कोल्हापूरचे. डबा आता कुलपात आहे. उद्या मॅचआधी तो सगळ्यांसमोर उघडणार. मॅनेजर कराचीचा, त्याला माझी चिठ्ठी वाचता यायची नाही. तो ती कुणाकडं देईल? कॅप्टनकडंच. म्हणजे संभाकडं.

संभा आत्ता समोरच्या कॉटवर गुडघ्याला पट्टी गुंडाळतोय. मघाशी म्हणाला, "बाकीच्यांचं काय सांगता येत न्हाई लेका. तुझं एक मत तेवढं पक्कं हाय."

मी मान डोलावली.