चौथ्या दिवशीचा गाळ

प्रिय बबडे,

तुझा फोन दोनदा घेतला नाही, म्हणून रागावली असशील. तुझा आवाज ऐकला असता तर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणते, चार महिने मी घरात नुसती चिडचिड करतोय. खरं आहे ते. भाजीत मीठ कमी पडलं तरी माझं डोकं फिरतं.

तुझ्या जागेवर आलेली मुलगी इतकी उंच आहे की प्रयोगशाळेत सगळे तिला शिडी म्हणतात. सरांनी तिला पहिलं काम दिलं ते तुझंच, आणि हाताखाली मदतनीस तुझ्या वेळेसारखा मीच. शुद्ध पाण्यात सोन्याची चकती ठेवायची, वरून लेझरचे ठोके द्यायचे आणि सोन्याचे नॅनोकण पाण्यात उतरवायचे. तुझं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल व्हायचं आणि वर्षभर तसंच राहायचं. तेही त्यात दुसरं काही न मिसळता. तुझं सगळं नाव झालं ते त्यावरच, आणि तिकडची नोकरीही त्याच शोधनिबंधावर मिळाली. शिडीचं पाणीसुद्धा लाल होतं. पण दुसऱ्या दिवशी जांभळं पडतं आणि चौथ्या दिवशी तळाशी काळा गाळ. एकदा-दोनदा नाही, एकतीस वेळा.

मी काय काय करून पाहिलं म्हणून सांगू. आरसे पुसले, भिंग केसभर वर-खाली केलं, पाणी शुद्ध करणारं यंत्र उघडून गाळण्या बदलल्या, सरांच्या मागे लागून नवी चकती आणवली. पुन्हा गाळ. शेवटी मीही त्या पोरीवर खेकसलो, "अगं, आमची बबडी हे डोळे मिटून करायची." ती लेझरचा चष्मा काढून पुसत बसली, पुसून झाला तरी पुसत राहिली. सर तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हाताला सफाईच नाही. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर दुसरीकडे बघ."

मग ती तापाने पडली. तीन दिवसांनी आली तेव्हा उभं राहवत नव्हतं तिला. म्हटलं, बस तू, आज भांडी मी धुतो. धुतली ती माझ्या पद्धतीने, साबणाच्या पाण्यात बुडवून, एकदा खळबळून, पालथी घालून. त्या दिवशीचं पाणी आज बारा दिवस झाले तरी लाल आहे. "काका, काय जादू केलीत?" ती विचारत होती. मी म्हणालो, "काही नाही गं," आणि मागच्या दारी पायरीवर जाऊन बसलो.

तुला आठवत असेल, अ‍ॅसिडच्या वाफेने तुझा दमा उसळायचा. एकदा तर खोकून खोकून ओठ निळे पडले होते तुझे. त्यानंतर भांडी मी माझ्याकडे घेतली. अ‍ॅसिडनेच धुतो असं तुला सांगत राहिलो, पण त्या बाटलीला कधी हात लावला नाही. मोरी तुझ्या टेबलाला लागून, कसा लावणार? निबंधात छापून आलं, भांडी अ‍ॅसिडने धुतली. शिडीने ते वाचून तसंच केलं. काचेला चिकटून राहिलेला जरासा साबण तुझ्या कणांच्या गुठळ्या होऊ देत नव्हता. तीस वर्षं तुम्हा लोकांची बोलणी ऐकतोय, एवढं मलाही कळतं. तरी खात्री करायला एक भांडं असं आणि एक तसं धुऊन पाहिलं. साबणवालं लाल राहिलं, दुसरं काळवंडलं.

चूक सगळी माझीच, तुझी माफी मागावी, असं ठरवून तारखा जुळवायला काल प्रयोगशाळेच्या कपाटातून तुझी जुनी वही काढली. निबंध पाठवलास त्याच्या सहा आठवडे आधीच्या पानावर तुझ्या अक्षरात आहे, 'बाबा भांडी साबणाने धुतात. आज मी मास्क लावून अ‍ॅसिडने धुतली. चौथ्या दिवशी गाळ. बाबांना सांगायचं नाही.' पुढचं पान कोरं आहे. मी ते उभ्या उभ्याच वाचलं आणि वही पिशवीत टाकली. तू मला वाचवायला गप्प बसलीस की स्वतःला, ते तुझं तुलाच ठाऊक. उद्या सकाळी मी सरांना साबणाचं सांगणार आहे, म्हणजे हे तुझ्या हातात पडेल तेव्हा सांगून झालेलं असेल. त्या पोरीची जागा माझ्यामुळे जाता कामा नये. माझी गेली तर जाऊ दे, निवृत्तीला आठच महिने उरलेत. वहीबद्दल मात्र मी कोणाला बोललो नाही, तुझ्या आईलाही नाही. वही या पत्रासोबतच पाठवतोय. त्या पानाचं काय करायचं ते तू ठरव, बाळा. फक्त ठरवताना मला पुढे करू नकोस.

तुझाच,
बाबा