नानांची खोली आणि माझी कंबर

आई, परवा सकाळी एक बाई येऊन आपलं घर बघून गेल्या. आपलं म्हणजे आमचं. तू हे पाहिलेलं नाहीस, तू गेल्यावर घेतलं. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, आपल्या काळेवाडीपासून रिक्षाने फार लांब नाही, पण तुझ्या लेखी हा परमुलूखच असता. घरात म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्यांना सल्ला द्यायचं काम या बाई करतात. तुझ्या लेकीने, ताईने, त्यांना धाडलं होतं. नाना बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून नाशिकला बसून फोनवरून जेवढं करता येतं तेवढं सगळं ताई करते. बाईंनी संडासातले धरायचे दांडे हलवून बघितले, फरशीवर पाय घासून बघितला, पलंगाची उंची बघितली, खिडकी उघडून वारा येतो का तेही बघितलं, आणि म्हणाल्या, "घर अगदी योग्य आहे. पेशंटसाठी याहून चांगलं काय असणार?" मी विचारलं, "आणि माझ्यासाठी?" त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला असावा.

नानांना आम्ही घरातली सगळ्यात चांगली खोली दिलीय, हे मला रोज ऐकावं लागतं. तुझी सून म्हणते, "अहो, आपण स्वतः लहान खोलीत गेलो, अजून काय करायचं माणसाने वडिलांसाठी?" खरंच आहे तिचं. मोठी खिडकी आहे, संडास-बाथरूम खोलीतच आहे. पण डोकं दक्षिणेला हवं म्हणून पलंग भिंतीला चिकटवलाय, त्यामुळे नानांना कुशीवर वळवायचं तर मला एक गुडघा गादीवर टेकवून अर्धं अंग पलीकडे टाकावं लागतं. पाय जमिनीला टेकावेत म्हणून पलंग मुद्दाम ठेंगणा घेतलाय. नानांसाठी उत्तम. मी मात्र दिवसभर वाकलेला. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जी पट्टी उरते तिच्यात संडासाची खुर्ची उभी असते, मी आडवा होऊन आत शिरतो. दुसरी खुर्ची मावतच नाही. नानांना वरण-भात भरवायचा तर मी त्याच खुर्चीचं झाकण लावून तिच्यावर बसतो. या घरात मला बसायला दिलेली जागा ती एवढीच. आणि स्वयंपाकघर पार दुसऱ्या टोकाला. कुकरची शिट्टी चालू असताना नाना हाक मारत असले तरी ती ऐकू येत नाही.

तुला ठाऊक आहे, मी इतकी वर्षं चाकणच्या कारखान्यात लाइनवर काढली. तिथे एकदा मी खाली वाकून बोल्ट आवळतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली. एकाने माझी उंची घेतली, दुसरा मी किती वाकतो ते बघत उभा राहिला, आणि थोड्याच दिवसांत पूर्ण जॉब, म्हणजे ज्यावर काम चालतं तो सांगाडाच, वर उचलून माझ्या छातीशी आणला. बोल्ट आवळायला. माझ्या कंबरेची एवढी काळजी आयुष्यात कुणी केली नव्हती. आता कंपनीने आमचा विभाग बंद केला, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तुझ्या सुनेची बँकेची नोकरी चालू आहे, तेव्हा घर आणि नाना माझ्याकडे आले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की व्यायाम शिकवायला येणारा मुलगा दारातूनच विचारतो, "काका, मॅडम नाहीत का?" मी म्हणतो, मला दाखव. तो म्हणतो, "मी रविवारी येतो, मॅडम असतील तेव्हा." रविवारी येऊन तो नानांचा पाय कसा उचलायचा ते तिला दाखवतो, आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत तो पाय मी उचलतो.

हाक ऐकू येत नाही म्हणून आम्ही बेल आणली. बटण नानांच्या उशाशी, घंटा स्वयंपाकघरात. दाबली की मी येणार, नानांनी उठायचं नाही, साधी गोष्ट. पहिल्या दिवशी बेल वाजली, मी गॅस बंद करून धावत गेलो, तर नाना पलंगाच्या काठावर बसून पायाने चपला शोधतायत.

"नाना, कुठं निघालात?"

"बेल झाली न्हवं? चहाला."

मी त्यांना समजावलं, की ही बेल तुम्हीच वाजवलीत, माझ्यासाठी. ते म्हणाले, "व्हय व्हय, कळलं." कळलंही असेल. त्यांचं डोकं शाबूत आहे, पेपरातली बातमी माझ्याआधी सांगतात. पण पिंपरीच्या कारखान्यात, मशीन शॉपमध्ये जन्म गेलाय त्यांचा. बेल झाली की मशीन सोडायचं आणि चालायला लागायचं, हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे, डोक्याला विचारायची गरजच पडत नाही. बटण दाबतात, घंटा ऐकतात आणि उठतात. ज्यांना झोपवून ठेवायला आणली तीच बेल त्यांना उठवते. गेल्या आठवड्यात मी पोचलो तेव्हा नाना उभे होते, कपाटाच्या मुठीला धरून, ऑपरेशनचा पाय लटलट कापतोय. त्यांना बसवलं आणि बेलचा सेल काढून फेकून दिला. तुझ्या सुनेला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

ताई मात्र हसली नाही. "पुन्हा पडले तर डॉक्टर हात टेकतील," म्हणाली. "तुला एकट्याला झेपत नाही, त्यात लाजायचं काय? देहूरोडच्या पुढे म्हाताऱ्या माणसांचं एक चांगलं सेंटर आहे, तिथे ठेवू." तरी मी म्हटलं, आधी घर कुणाला तरी दाखवू. म्हणून त्या बाई आल्या. आणि त्या घर योग्य आहे म्हणून गेल्या. संध्याकाळी ताईचा फोन, "बघ, घरात तर काही कमी नाही." म्हणजे कमी माझ्यात आहे. आई, मी इतका चिडलो की फोन ठेवून एक अख्खी कोबी चिरून काढली. आमच्याकडे कोबी कुणी खात नाही.

तेव्हा तू आठवलीस. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. काळेवाडीच्या आपल्या दोन खोल्या. सगळे म्हणत होते, खाट बाहेरच्या खोलीत टाका, उजेड आहे, आल्यागेल्याशी बोलता येईल. तू ती आत ओढलीस, ओट्याला लागून. आत्या आली आणि दारातच थबकली. "अगं, आईला चुलीपाशी टाकलीस व्हय? बाहेरची येवढी उजेडाची खोली सोडून?" मी जेवत होतो, मला अजून तुझा आवाज ऐकू येतो. तू पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "म्हातारीला हवा लागंल, उजेड लागंल, समदं खरं. पर तिचं करायचं कुणी? मी. मग माझा हात कुठवर पोचतोय ते बघून खाट टाकायची, का तुमी कुठनं बघनार ते बघून?" आत्या वर्षभर आली नाही. गल्लीत झालं ते निराळंच. सासूला धुरात ठेवली म्हणून बायका तुझ्याकडे बघून कुजबुजायच्या आणि तू त्यांच्यासमोरून पाण्याचा हंडा घेऊन निघून जायचीस.

आणि नानांनी तुझ्यासाठी स्टूल करून आणलं. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे बसून, लोखंडी पायांचं. त्याआधी टेप घेऊन तुझी उंची मोजली, बसल्यावर कोपर कुठे येतं ते मोजलं, आणि तू पदर तोंडावर घेऊन हसत होतीस. नाना गंभीर. "मशीनवर माणूस हुबा करायचा तर आदी माणसाचं माप घेत्यात. हसायचं काय त्यात?" तू त्या स्टुलावर बसून एका हाताने भाजी ढवळायचीस आणि दुसरा आजीच्या कपाळावर. मला एकदा आजीला पाणी पाजायला सांगितलंस. मी खेळायला जायच्या घाईत उभ्या उभ्याच भांडं तोंडाला लावलं, तिला ठसका लागला. "आधी बूड टेक," तू ओरडलीस. "बसून पाज. बसायला जागा नसंल तर आधी जागा कर, मग पानी." तेव्हा मला ते नुसतं खेकसणं वाटलं होतं.

काळेवाडीच्या खोल्यांतला भाडेकरू मागच्या महिन्यात सोडून गेलाय. काल दुपारी सुनेने सुट्टी काढली तेव्हा मी किल्ली घेऊन गेलो. ओटा तसाच आहे. मी त्याच्यापाशी उभा राहिलो आणि खाट कुठे येईल तिथे हात लांब करून बघितला. पोचतो. आजूबाजूने जागा आहे, दोन्हीकडून फिरता येतं, पलंग उंच घेता येतो. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "म्हातारं येतंय व्हय परत? येऊ द्या की, मी हाय दुपारची." तुला खोटं सांगत नाही, नानांच्या दृष्टीने ते घर या घराहून वाईट आहे. मोरीला उंबरा आहे, संडास बाहेरच्या बाजूला, खिडकी एवढीशी, उन्हाळ्यात भट्टी. त्या सल्ला देणाऱ्या बाई आल्या तर दारातूनच परत जातील. उंबरा फोडावा लागेल, संडास आत घ्यावा लागेल. सून म्हणाली, "मी येईन, मला तिथून बस सोयीची आहे. पण नाना काय म्हणतात?"

तेच ताईने विचारलं. मी सांगितलं, नानाच मागे लागलेत, म्हणतात मला माझ्या घरी न्या, तिच्या ओट्यापाशी न्या. ताई फोनवर रडायला लागली. "आधी का नाही सांगितलंस," म्हणाली, आणि सेंटरचा विषय तिथेच संपला. माझ्या कंबरेसाठी कुणी वीटसुद्धा हलवली नसती. बापाच्या इच्छेसाठी सगळे तयार झाले, सून पलंगाची मापं घेतेय, ताई येत्या शनिवारी गवंड्याशी बोलायला स्वतः येतेय.

हे तुला कुठे पोचवायचं मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, तू पहिल्यांदा नानांना सांगितलं असतंस. नाना असं काही म्हणालेले नाहीत. आज दुपारी खिडकीपाशी बसवलं तेव्हा म्हणत होते, "हितं बरं हाय. वारा हाय." मला तुझ्या ओट्यापाशी न्या, असं मीच म्हणतोय, आई. माझं कुणी ऐकलं नसतं, म्हणून नानांच्या तोंडी घातलं.