रुमालात आणलेलं चेनलॉक

अण्णा, आता सायकल मधोमध दुमडून पिशवीत भरता येते, हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं. पण खरंच येते. तुमच्या नातीनं दिवाळीला पुण्याहून आणली. चाकं परातीएवढी! मला वाटलं, म्हाताऱ्या बापाला खेळणं आणलं. आता मात्र तिच्याशिवाय माझं पान हलत नाही.

तुम्हाला असल्या गोष्टी ऐकायला आवडायच्या, म्हणून सांगतो. मधल्या सांध्याला खटका असतो. तो बसलेला दिसला तरी हातानं दाबून, सायकल जरा हलवून बघायची आणि मगच टांग मारायची. हँडलच्या दांड्यालाही तसाच खटका आहे. पहिल्याच आठवड्यात मी घाई केली आणि भर बाजारात हँडलनं मान टाकली. सांध्यात तेलाचा एकच थेंब सोडायचा आणि वरचं पुसून काढायचं, नाहीतर आपल्याकडची धूळ त्यात कणकेसारखी मळली जाते. घडी उलगडू नये म्हणून दुकानात पट्टा मिळतो, पण मी जुन्या ट्यूबची पट्टी कापून बांधतो, तुम्ही दुधाचे कॅन बांधायचा तशी. एवढ्या लहान चाकाची ट्यूब इकडं कुठं मिळत नाही, म्हणून सीटखालच्या पिशवीत एक जास्तीची ट्यूब, छोटा पंप आणि काटे उपटायला चिमटा. बाभळी अजून तशाच आहेत. आणि एसटीत न्यायची तर वरून खोळ घालायचीच, चेनचं काळं शेजाऱ्याच्या धोतराला लागलं की भांडण ठरलेलं.

परवा अशीच ती घेऊन अंबाजोगाईहून मांजरसुंब्याला गेलो. कंडक्टर पोरगेलासा होता. पिशवीवर टिचकी मारून म्हणाला, "काका, ह्यात काय हाय?"

"सायकल."

"सायकल हाय तर मग एसटीत काहून बसलात?"

"तिला चढ लागला की दम लागतो बे, माझ्यासारखा," म्हणालो. अख्खी गाडी हसली. मीही हसलो, पण मांजरसुंबा जवळ आलं तसं खिडकीबाहेर बघायला लागलो. तिथल्या फाट्यावर उतरून, सायकल उलगडून, दुष्काळात जिथं जनावरांची छावणी होती त्या माळापर्यंत मला जायचं होतं. फाट्यापासून माळापर्यंत, तुम्ही चालायचा तो रस्ता.

त्या उन्हाळ्यात गावातलं दूधच आटलं होतं. इतकी वर्षं सोसायटीचे कॅन ज्या सायकलवरून तुम्ही वाहिले, तिला काम उरलं नाही, म्हणून ती तुम्ही मला दिलीत. मी अंबाजोगाईत दूध संघाच्या केंद्रावर नवा कारकून. ती नोकरीही तुमच्या त्या कॅन वाहण्यामुळंच, तुमच्या शब्दावर मिळालेली. तुम्ही दोन गायी घेऊन छावणीत राहिलात. जनावरांना टँकर आत यायचा, माणसांचं पिण्याचं पाणी मात्र फाट्यावरून आणावं लागायचं. दोन हातांत दोन डबे, आणि तुमचा तो उजवा गुडघा. पंधरा दिवसांनी तुम्ही माझ्या खोलीवर आलात, दारातच बसलात आणि म्हणालात, "महिनाभर सायकल देतो का? टपावर टाकून नेतो."

माझी खोली केंद्रापासून दहा मिनिटांवर होती. चालत गेलो असतो तर काय झिजलो असतो? पण साहेबलोकांच्या रांगेत सायकल लावायची चटक नवी होती. तोंडातून निघून गेलं, "चेन तुटलीय, अण्णा." सायकल मागच्या बोळात होती. तुम्ही उठून बघितली नाही. "बरं, ऱ्हाऊ दे," म्हणालात, पाणी पिऊन निघालात.

पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा आलेले आहात. मी नुकताच बाजारातून येऊन सायकल दारात टेकवलीय, मागचं चाक अजून फिरतंय. तुमच्या हातात रुमाल आहे, त्याच्या गाठीत चेनलॉक, तुटलेली चेन जोडायची ती इवलीशी कडी. तुम्ही चाकाकडं बघता, चेनकडं बघता. मी वाट बघतोय, आता शिवी येईल. तुम्ही गाठ सोडता, कडी माझ्या तळहातावर ठेवता. "ठेव. कवातरी तुटंल, तवा लागंल." बस, एवढंच. शिवी दिली असती तर सुटलो असतो.

परवा फाट्यापासून माळापर्यंत मी न थांबता गेलो. तिथं आता ढाबा आणि भिंतीआडचे प्लॉट आहेत. चहा सांगितला आणि कपाकडं बघत बसलो. तुम्ही तो रस्ता दिवसातून दोनदा चालत होता. ती कडी सीटखालच्या पिशवीत असते. या सायकलची चेन बारीक आहे, तिला बसत नाही. सामान काढताना तुमची नात म्हणाली, "बाबा, हे उगाच कशाला?" मी म्हणालो, असू दे.

हे पत्र घडी घालून त्याच पिशवीत ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं टाकणार? चेन तुटली नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतंच. ठाऊक नाही ते एवढंच, की त्या रविवारी तुमच्या पाठोपाठ मी सायकल घेऊन स्टँडवर आलो होतो. गाडी लागली होती, तुम्ही खिडकीशी बसला होता, गुडघा चोळत. सायकल द्यायची म्हणजे खोटं बोललो हे तोंडानं म्हणावं लागणार होतं. मी पाणपोईच्या मागं उभा राहिलो, गाडी हलेपर्यंत.