खाऱ्या पाण्याचा आकडा

सेंदाई, जपान

तीर्थरूप तात्या,
शिवांजली लांबूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी हाय, वेळेवर जेवते. अणुभट्टीच्या सांडपाण्यातलं किरणोत्सर्गी सीझियम धरून ठेवणारी निळी पावडर आमी उसाच्या चिपाडाच्या कोळशावर बसवली होती. साध्या पाण्यात तिनं जवळपास सगळं धरलं. खाऱ्या पाण्यात निम्मंसुद्धा न्हाई.

प्रयोगशाळेतले आमचे सर म्हणाले, "साध्या पाण्याचेच आकडे छापू." मी नको म्हणाले, कारण साफ करायच्या पाण्यात समुद्राचं पाणी मिसळलंय, ते खारंच हाय. आता दोन वर्सांचं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून धाकट्या अंकिताच्या लग्नाला येता येणार न्हाई. तिला तुमीच सांगा, मला सांगवत न्हाई.

आईचा गुडघा मिरजेला दाखवला का? तिला म्हणावं, काळजी करू नको, कामात मी हातमोजे घालते.

लय दमले, तात्या. मी बरोबर केलं का, तेवढं कळवा.

तुमची,
शिवांजली